नऊ ग्रॅम

शेवाळासारखी दिसते, पण शेवाळ नव्हे.
आमच्या डोंगराळ भागात तिला म्हणतात
हजार थरांचा मनोरा. उंची वीतभर.
तेवढी व्हायलाही तिला दहा-पंधरा वर्षं लागतात,
ओल्या सावलीत, कुठं जायचंच नसल्यासारखी.

हांगझोऊच्या प्रयोगशाळेत मी तिचा अर्क काढते.
पोतंभर वाळवा, कुटा, स्पिरिटात भिजवा,
गाळा, आटवा, पुन्हा गाळा.
शेवटी काचेच्या तळाशी उरते ती भुकटी
करंगळीच्या नखावर मावते. वर नख उरतं.

काम तिचं छोटंसं.
एका पेशीनं दुसरीला धाडलेला निरोप
पुसायला टपलेल्या हाताला ती म्हणते,
थांब जरा.
नवा निरोप ती लिहीत नाही.
निरोप धाडणारं घरच जळून गेलं असेल
तर तिचाही इलाज नाही.
अहवालात हे मी जास्त सभ्य भाषेत लिहिते.

दुधाळ पाण्याच्या हौदात आम्ही उंदीर सोडतो.
पाण्याखाली एक चौथरा दडवलेला असतो.
ज्याला कालचं आठवतं तो सरळ तिकडं जातो.
सतरा नंबर काठाकाठानं फिरत राहतो.
साठ सेकंद झाले की उचलायचं, असा नियम आहे.

बाबांना गेल्या महिन्यात भाजीबाजारातून
शेजारच्या शू काकूंनी उचलून आणलं.
किती वेळ फिरत होते?
काकू म्हणाल्या, मी काय घड्याळ लावून बसले होते?

सोंगयांगच्या जुन्या रस्त्यावर त्यांचं दुकान.
एकशे बारा खण, एकावरही चिठ्ठी नाही.
चिठ्ठी लावली की हात आळशी होतो, म्हणायचे.
युआनझी, म्हणजे दूरचा संकल्प.
दांगग्वी, म्हणजे परतायला हवं.
या खणांवरच मी अक्षरं शिकले,
मग शहरात जाऊन रेणू शिकले
आणि एका सुट्टीत येऊन विचारलं,
काढ्यातलं नेमकं काय लागू पडतं?
सगळं मिळून, म्हणाले.
मी म्हटलं, हे काही उत्तर नाही.
त्या रात्री बांबूच्या कोंबांचं सूप
आम्ही एकमेकांकडं न बघता संपवलं.

या रविवारी गेले तर ते गल्ल्यामागं ताठ बसलेले.
या, म्हणाले. काय होतंय?
मी म्हटलं, बाबा, मी. शियाओमान.
बसा, म्हणाले. नाडी बघू.

तीन बोटं मनगटावर. बोटं ऊबदार, कोरडी.
काय झालं मला कळेना, मी बोलून गेले:
मला नाही. माझ्या वडिलांना. विसरतात.
वय?
एकोणऐंशी.
झोप?
रात्री उठून दारं तपासतात.
चिडतात?
नाही. पूर्वी चिडायचे.
हं, म्हणाले. आणि उठले.

युआनझी, तिसरी ओळ, डावीकडून पाचवा.
वेखंडाचे तुकडे. फूलिंगचे पांढरे चौकोन.
पितळी काट्याची दोरी बोटावर,
दांडी आडवी झाली की श्वास सोडायचे,
तसाच सोडला.
एकही खण चुकून उघडला नाही.
मी मोजत होते. सवय.

मग आणखी एक खण. दांगग्वीचे काप,
वेगळ्या कागदात.
हे त्यांच्यासाठी नाही, म्हणाले, तुमच्यासाठी.
चेहरा पांढरा पडलाय. जेवत जा.

पुडीला दोरा, दोऱ्याला गाठ,
तीच, एका बाजूनं ओढली की सुटणारी.
पैसे घेतले. सुटे मोजून परत दिले. तीन युआन जास्त.

औषधानं बरे होतील? मी विचारलं.
प्रयोगशाळेत हाच प्रश्न मला पत्रांतून विचारतात लोक,
आणि मी लिहिते, उंदरांत काही खुणा दिसल्या आहेत,
माणसांबद्दल खात्रीनं सांगता येत नाही.

बाबा बराच वेळ काट्याची दोरी गुंडाळत राहिले.
न बघता कसं सांगू?
उद्या त्यांना घेऊन या.
सातला उघडतो मी.

सोमवारी सगळे गेल्यावर
आमच्या काट्यावर मी युआनझी तोललं.
नऊ ग्रॅम.
पुन्हा तोललं.